नाहीचं बटण

आईला पक्षाघाताचा झटका आला तेव्हा तिचा उजवा हात आणि बोलणं एकाच सकाळी गेलं. पुढं पाय सावरला, हात थोडा सावरला, बोलणं तेवढं परत आलं नाही. समजत सगळं होतं. टीव्हीवरच्या बातम्या, शेजारणीच्या कुरबुरी, दूधवाल्यानं घातलेलं पाणी, सगळं. पण शब्द काढायला गेली की भलताच आवाज निघायचा आणि ती स्वतःच दचकून गप्प व्हायची. मानेचाही भरवसा उरला नव्हता. हो म्हणायचं असलं तरी मान कधी आडवी हलायची, नाही म्हणायचं असलं तरी कधी उभी. या आजारात असं होतं, मानेवर विसंबू नका, हे डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं.

दवाखान्यातून चित्रांचा एक तक्ता मिळाला होता. पेला, थाळी, पलंग, संडास, पंखा. हवं त्यावर बोट ठेवायचं. अडचण इतकीच की तक्ता मुका होता. आई पेल्यावर बोट ठेवून बसायची आणि माझी बायको स्वयंपाकघरात पोळ्या लाटत असायची. बोट कोणी पाहिलं तर पाणी मिळायचं.

मी बालाघाटला सरकारी खात्यात हिशेब विभागात आहे. कार्यालयात एकच आकडा चार ठिकाणी भरावा लागतो, तो त्रास वाचावा म्हणून मी हिंदी व्हिडिओ बघत थोडंफार पायथॉन, म्हणजे प्रोग्राम लिहायची भाषा, शिकलो होतो. खिडकी उघडणं, त्यात बटणं मांडणं इतपत जमत होतं. म्हटलं, तक्त्याला आवाज द्यावा. गोंदियाहून बोटानं चालणारा एक जुना लॅपटॉप आणला. चित्र दाबलं की शब्द ऐकू येईल, मग बायको कुठल्याही खोलीत असली तरी चालेल.

शब्द बायकोच्याच आवाजात भरले. दिवसभर आईजवळ तीच असते, आणि बाहेरच्या कोणी पुस्तकी मराठीत बोललेलं आईला परकं वाटलं असतं. मोबाइल तोंडाजवळ धरून तिनं एकेक शब्द आमच्या घरच्या बोलीत म्हटला. पाणी दे. चहा मांड. दुखून राह्यलं. पंखा बंद कर. मधेच तिला हसू यायचं, मग तो शब्द पुन्हा भरायचा.

"मीच मले हुकूम सोडून राह्यली," ती म्हणाली.

पहिल्या दिवशी फजिती झाली. बटणाला दोन गोष्टी सांगाव्या लागतात. दाबल्यावर कोणतं काम करायचं, आणि कोणता शब्द घेऊन करायचं. मी दोन्ही एकाच ओळीत लिहिलं, बोलण्याच्या कामापुढं कंसात शब्द टाकून मोकळा झालो. पण कंस लावला की यंत्र ते काम तिथल्या तिथं करून टाकतं, बटण दाबायची वाट बघत नाही. प्रोग्राम सुरू केला मात्र, आणि बायकोचा आवाज एका दमात ओरडत सुटला. पाणी दे चहा मांड दुखून राह्यलं पंखा बंद कर. मग सगळं चिडीचूप. आता कितीही बटणं दाबा, एकही बोलेना.

आई हसली. झटक्यानंतर ती पहिल्यांदा हसली ती त्या दिवशी. तोंड एका बाजूला ओढलेलं, पण हसणं तिचंच होतं.

शेवटी मी माझ्या स्वभावाला जमेल ते केलं. जितके शब्द तितकी वेगळी कामं लिहिली. पाण्याच्या बटणाला पाण्याचं काम, चहाच्या बटणाला चहाचं. लांबलचक झालं, पण कुठं काही झाकलेलं नव्हतं. प्रत्येक बटण दाबून पाहिलं आणि लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. आठवड्याभरात ती आम्हाला त्यावरून राबवायला लागली. हौ आणि नाही असे शब्द मी त्यात घातले नव्हते. गरज वाटली नाही. चहा की दूध विचारायचं असलं की दोन्ही पेले समोर धरायचे, ती हवा तो घ्यायची.

माझा धाकटा भाऊ नागपूरला सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो दिवाळीला आला तेव्हा आईला नागपूरला नेण्याचा विचार पक्का करूनच आला होता. त्याच्या फ्लॅटजवळ व्यायाम करून घेणारं केंद्र होतं, बोलणं शिकवणारी बाई होती. त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. माझं म्हणणं असं की आईचं अंगण इथं, तिच्याशी बोलायला येणाऱ्या बायका इथं, आणि तिचं न बोललेलं ओळखणारी माणसं इथं. फ्लॅटात दिवसभर भाऊ आणि त्याची बायको दोघंही कामावर असणार. दोन दिवस आमची वादावादी चालली. तिसऱ्या दिवशी मामाचा फोन आला. मामा आईचा धाकटा भाऊ, तिला बाई म्हणतो, खैरलांजीकडं धानाची शेती करतो.

"तुम्ही दोघं काहून भांडून राह्यले बे?" तो म्हणाला. "बाईले इचारा ना. उद्या मी येतो. माह्यासमोर इचारा."

आमच्याकडं आईबद्दलचं काही ठरवायचं तर मामासमोर ठरतं. आणि मामासमोर ठरलेलं मागं घेत नाहीत. आजीच्या वेळी तिच्या भावासमोर असंच ठरलं होतं, आत्याच्या लग्नाच्या वेळीही. दोघांनीही मान्य केलं.

प्रश्न एवढाच होता की आई उत्तर कसं देणार. नागपूर आणि बालाघाट पेल्यांसारखे समोर धरता येत नाहीत.

"मी हौ-नाहीचं एक पान करून देतो," भाऊ म्हणाला. त्यानं माझा प्रोग्राम उघडला आणि मोठ्यानं हसला. "दादा, हे काय लिहून ठेवलंस? प्रत्येक बटणाले वेगळं फंक्शन? सरकारी काम आहे का हे?"

"चालते ना पण."

"चालते रे. पण असं कोणी लिहीत नाही. लूप लावायचा, शब्द बटणाले द्यायचा, दोन ओळीत काम खतम."

मला त्याचं कौतुकच वाटलं. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर काही लबाडी नव्हती, हे मी आजही सांगीन. बायकोनं हौ आणि नाही हे दोन शब्द भरून दिले. सकाळी मी मामाला आणायला बसस्टँडवर गेलो. परत येईतो पान तयार होतं. पडद्यावर दोन मोठी बटणं, डावीकडं लाल रंगात नाही, उजवीकडं हिरव्या रंगात हौ. भावानं मामाला दाखवायला हिरवं बटण दाबलं. बायकोचा आवाज आला, "हौ."

"वा रे पठ्ठे," मामा म्हणाला.

कार्यालयात मी दुसऱ्यानं केलेली बेरीज पुन्हा केल्याशिवाय सही करत नाही. पण हा माझा भाऊ होता, आणि पान आईसाठी होतं. मी लाल बटण दाबून पाहायला गेलो नाही.

आई खुर्चीत बसली होती, लॅपटॉप तिच्या मांडीवर. पडदा तिच्याकडं, आम्ही समोर. म्हणजे ती काय दाबते हे फक्त तिला दिसत होतं. आम्हाला ऐकू येणार होतं, आणि ते पुरेसं होतं, असं सगळ्यांना वाटलं.

मामानं गळा साफ केला. "बाई, लहान्या तुले नागपूरले नेतो म्हणते. जातं का तू?"

आईनं डावा हात उचलला. बोट खाली आलं.

"हौ," लॅपटॉप म्हणाला.

आई थांबली. पडद्याकडं पाहत राहिली. पुन्हा दाबलं. "हौ." मग तिनं जोरात दाबलं, परत दाबलं, बोट टेकवून धरलं. हौ, हौ, हौ.

"अवं बाई, समजलं!" मामा हसत सुटला. "एकडाव सांग ना. किती घाई करतं नागपूरची?"

आम्ही सगळे हसलो. मीसुद्धा. आई जोरजोरानं मान हलवत होती, पण मानेचं काय, ते डॉक्टरांनी सांगितलेलंच होतं. मग तिनं मान हलवणं थांबवलं आणि माझ्या बायकोकडं पाहिलं. बायको दाराजवळ उभी होती. ते पाहणं बराच वेळ चाललं. त्यानंतर आईनं लॅपटॉप मांडीवरून बाजूला सारला.

"जायचं म्हणून वाईट वाटून राह्यलं त्याईले," बायको मला आत येऊन म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत आईच्या लुगड्यांच्या घड्या घालायला बसली.

दुपारी आई भावाच्या गाडीत बसली. बायकोनं वाकून नमस्कार केला तेव्हा तिनं पाठीवर हात ठेवला नाही. हात चांगला होता, डावा. तो मांडीवरच राहिला. भावानं प्रोग्रामची एक प्रत आपल्या, बोटानंच चालणाऱ्या, लॅपटॉपमध्ये घेतली होती, आईचा जुना लॅपटॉप आमच्याकडं ठेवला.

पुढचे काही आठवडे घर नको इतकं शांत होतं. एका रविवारी मला आठवलं, भावानं लूप कसा लावला ते शिकून घ्यावं. आईचा लॅपटॉप सुरू केला, त्यानं लिहिलेल्या दोन ओळी वाचल्या. खरंच सुबक होत्या. मग पान उघडलं आणि हिरवं बटण दाबलं. "हौ." लाल दाबलं.

"हौ."

मला वाटलं बोट चुकलं. लालच्या मधोमध बोट ठेवून दाबलं. "हौ." आतून बायको आली. मी काही न बोलता पुन्हा दाबलं. तिनं पडद्याकडं पाहिलं, माझ्या बोटाकडं पाहिलं. मग तिनं स्वतः दाबलं, आणि स्वतःच्याच आवाजातला हौ ऐकून हात मागं घेतला.

का होतं ते शोधायला मला संध्याकाळ लागली. गोष्ट साधी आहे. लूप म्हणजे तीच ओळ फिरून फिरून चालवून एकेक बटण बनवायचं. त्यात बटण तयार होतं तेव्हा ते शब्द आपल्याजवळ ठेवून घेत नाही. शब्द ज्या डब्यात आहे तो डबा फक्त लक्षात ठेवतं. लूप एकच डबा वापरतो. आधी त्यात नाही हा शब्द होता, मग तो काढून हौ ठेवला, आणि काम संपलं. नंतर कोणी कोणतंही बटण दाबलं तरी ते डब्यात जाऊन बघतं, आणि तिथं शेवटचा राहिलेला हौच सापडतो. उपायही साधा आहे. बटण बनवतानाच त्याला त्याचा शब्द हातात देऊन टाकायचा. जिथं तिथं लिहिलेलं असतं की शिकाऊ माणसं ही चूक हमखास करतात. माझ्या लांबलचक पद्धतीत ती झाली नसती. ज्याला सगळं येत होतं त्याच्याकडून झाली.

चूक म्हणून मी ती त्याच संध्याकाळी माफ केली होती. भावाला फोन लावला तो त्याला कळवायला, आणि पुढं काय करायचं ते विचारायला.

"अरे, तुझ्या त्या पानात घोटाळा आहे," मी म्हणालो. "दोन्ही बटणं हौच म्हणतात. आई नाहीचं बटण दाबून राह्यली होती रे तेव्हा."

पलीकडं टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं.

"माहीत आहे मले," तो म्हणाला.

"काय माहीत आहे?"

"त्याच दिवशी समजलं. गोंदियाच्या अलीकडं चहाले थांबलो होतो. लॅपटॉप दिला तिच्याजवळ, म्हटलं चहा सांगते का बघू. तर ती त्या हौ-नाहीच्या पानावर जाऊन नाहीचं बटण दाबून राह्यली होती, आन् आवाज हौ येऊन राह्यला होता. रात्री इथं आल्यावर दुरुस्त केलं मी."

"गोंदियाच्या अलीकडं?"

"हौ."

"मग गाडी काहून नाही वळवली?"

"मामासमोर ठरलं होतं दादा."

"काय ठरलं होतं? तुझ्या लूपनं ठरवलं ते."

त्याचा आवाज चढला. "तुझ्याजवळ ती जिंदगीभर राह्यली. मी सुट्टीत येतो तर मले पाहुण्यासारखं ताट वाढता तुम्ही. मी मुद्दाम केलं नाही काही. झालं ते झालं. येऊन राह्यली होती तर मी म्हटलं येऊ दे. इथं ती काठीवर चालते आता, माहीत आहे का?"

ते खरं होतं, ती चालत होती. व्हिडिओ त्यानंच पाठवला होता. तो व्हिडिओ बघून मी ऑफिसात पेढे वाटले होते. पेढे वाटत होतो तेव्हाही त्याला हे ठाऊक होतं. दर रविवारी तो मला फोन करत होता, आईचं बी.पी. सांगत होता, आणि त्याला हे ठाऊक होतं. मी आकडे लिहून घेत होतो.

मामाला सांगितलं तेव्हा त्यानं भावाला शिवी दिली नाही, मला वाटलं होतं तो देईल. "म्या हासलो ना रे तिले," तो म्हणाला. "ती नाही म्हणून राह्यली आन् म्या हासलो."

बायकोला या सगळ्यातलं एकच टोचत होतं. "लॅपटॉप चुकला ते त्याईले काय समजणार?" ती म्हणाली. "त्याईनं नाहीचं बटण दाबलं आन् माह्या आवाजात हौ आलं. सगळ्यांसमोर. त्याईले वाटलं असन, सुनेनंच घरातून काढलं."

पुढच्या शनिवारी आम्ही नागपूरला गेलो. मी पान दुरुस्त केलं होतं, दोन वेगळी कामं लिहून, आणि आईचा जुना लॅपटॉप सोबत घेतला होता. भावानं दार उघडलं. मी त्याच्या बाजूनं सरळ आत गेलो. आई खिडकीपाशी बसली होती. अंगानं बरी दिसत होती. मला पाहून तिचा चेहरा हलला. बायकोला पाहून नाही.

"लॅपटॉपले हात लावत नाही ती," भाऊ म्हणाला. "दुरुस्त करून दिला तरी लावत नाही. तुम्ही आणला म्हणून काही होणार नाही."

बायको आईच्या शेजारी खाली बसली. लॅपटॉप दोघींच्या मधे ठेवला, सगळ्यांना दिसेल असा. तिनं लाल बटण दाबलं. "नाही." हिरवं दाबलं. "हौ." पुन्हा लाल. आई बघत होती. बायको सांगत होती, की त्या दिवशी दोन्ही बटणं एकच बोलत होती, की तिनं स्वतः कधी हौ म्हटलं नव्हतं, की आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. शेवटचं वाक्य म्हणताना ती भावाकडं पाहून थांबली आणि दुसरं काही बोलली. आईला यातलं किती पोचलं, मला सांगता येणार नाही.

मग आईनं बोट पुढं केलं. नाही. हौ. नाही. नाही. हौ. प्रत्येक वेळी ती कान देऊन ऐकत होती.

बायकोनं विचारलं, "आई, माह्यावर राग आला तुमाले?"

"हौ," बायकोच्याच आवाजात उत्तर आलं.

"अजून आहे?"

"हौ."

बायकोनं मान खाली घातली. मी पुढं सरकलो. आवाज शक्य तितका सपाट ठेवून विचारलं, "आई, बालाघाटले येतं का आमच्यासंग?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, खिडकीबाहेर पाहिलं. बोट लालवर गेलं.

"नाही."

मी उलटून विचारलं. एकच प्रश्न दोन्ही बाजूंनी विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही. "मंग इथंच राहतं?"

"हौ."

भाऊ दाराशी उभा होता. त्याचा सुटलेला श्वास मला ऐकू आला. "बघ दादा," तो म्हणाला. "म्हणजे शेवटी हौच होतं ना."

"नाही," मी म्हणालो. "त्या दिवशी नाही होतं. आज हौ आहे. तू दोन्ही एकात मिळवू नको."

भावाच्या बायकोनं चहा आणला होता, तो मी घेतला, कारण आई बघत होती. आईच्या पाया पडलो. बायको पडली तेव्हा आईचा हात उठला, पाठीपर्यंत आला नाही, खांद्याजवळ जरासा टेकला आणि परत गेला. लॅपटॉप आम्ही तिच्याजवळच ठेवला.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीकडं तोंड करून बसली होती. मी म्हणालो, "आपण जबरदस्ती करू शकलो असतो. मामाले बोलावलं असतं." ती म्हणाली, "मंग भाऊजीत आन् तुमच्यात काय फरक?"

आई अजून नागपूरला आहे. आम्ही जातो, भेटतो. भाऊ आणि मी आईच्या औषधांपुरतं बोलतो, तो सांगतो ते मी ऐकतो आणि मग केमिस्टला फोन करून पडताळून घेतो. पूर्वी मी तसं करत नव्हतो. प्रत्येक भेटीत, निघण्याआधी, मी आईला बालाघाटला येते का हा तोच प्रश्न विचारतो, भावासमोर, पडदा सगळ्यांना दिसेल असा ठेवून. आतापर्यंत दर वेळी नाहीच आलंय. ते मान्य करून आम्ही उठतो आणि बसस्टँडकडं चालू लागतो.